मोटारीची उंची आणि स्प्रिंगांची निवड
(रस्ता सुरक्षेविषयीच्या भाषणाचा मजकूर)

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव हे बाघ नदीकाठचे सीमेवरील गाव आहे. गोंदियाहून बालाघाटकडे जाणारा रस्ता येथे महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात प्रवेश करतो. त्यामुळे एमएच ३५ आणि एमपी ५० अशा दोन्ही क्रमांकांच्या गाड्या या रस्त्याने जा-ये करीत असतात. धानाची पोती वाहणारे ट्रॅक्टर, मालमोटारी, बसगाड्या, दुचाकी आणि शाळेच्या वेळेस सायकली, अशी ही रोजची वर्दळ. तीतच आता जोरदार इंजिनाच्या, वळणावर चपळ अशा सेडान मोटारींची भर पडत आहे. पूर्वी अशी मोटार ही धनिकांची हौस समजली जात असे. आज नोकरीवर जाणारा, मुलांना शाळेत सोडणारा आणि सणासुदीला आईवडिलांना घेऊन गावी जाणारा गृहस्थही ती वापरू लागला आहे.

अशी मोटार घरी आली की काही महिन्यांतच तिच्या मालकाचे, विशेषतः घरातील तरुण मुलाचे, लक्ष चाक आणि मडगार्ड यांच्यामधील मोकळ्या जागेकडे जाते. ही जागा कमी झाली तर गाडी अधिक डौलदार दिसेल आणि वळणावर अधिक स्थिर राहील, असे त्याला वाटते. बाजारात ‘लोअरिंग स्प्रिंग’ या नावाने मिळणाऱ्या, गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा त्याला कोणीतरी सुचवितो. त्या घ्याव्यात की नाही, घ्यावयाच्या तर कोणत्या, आणि त्या घेतल्याने घरच्या माणसांच्या सुरक्षिततेवर काय परिणाम होईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. स्प्रिंग निवडणे म्हणजे गाडीची उंची निवडणे नव्हे. खड्डा आला असता चाकाला वर सरकण्यासाठी किती जागा शिल्लक ठेवावयाची, याची ती निवड आहे. ही शिल्लक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तिचा हिशेब कागदावर मांडणे अगत्याचे ठरते.

खासर आणि रेंगी

हा विषय नव्या यंत्रांचा असला तरी त्यामागील तत्त्व विदर्भाच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला नवे नाही. ओझे वाहण्यासाठी खासर आणि माणसांनी बसून जाण्यासाठी हलकी रेंगी, असा भेद येथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. रेंगीत कोणी धानाची पोती रचली नाहीत आणि शंकरपटाच्या दाणीवर कोणी खासर उतरविली नाही. वाहन कोणत्या कामाचे, त्यावर भार किती आणि ते कोणत्या वाटेने जावयाचे, हे तीन प्रश्न सुताराने आधी विचारले आणि मग लाकडाला हात घातला. मोटारीची स्प्रिंग निवडतानाही हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारावे लागतात. गाडी दिसेल कशी, हा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

स्प्रिंग काय करते

स्प्रिंगवर जितका भार टाकावा तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. एक मिलिमीटर दाबण्यासाठी जितके किलो वजन लागते, तितका त्या स्प्रिंगचा कडकपणा समजावा. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये हा कडकपणा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यांपैकी तारेच्या जाडीचा परिणाम सर्वांत मोठा. बाकी सर्व सारखे ठेवून तार दुप्पट जाड केली तर स्प्रिंग सोळापट कडक होते. ती केवळ एक दशांशाने जाड केली तरी कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी त्यांची तुलना करता येत नाही. तारेतील अल्पसा फरकही गाडीचा स्वभाव बदलून टाकतो.

गाडी उभी असताना स्प्रिंग तिच्या वजनाने आधीच काही अंतर दबलेली असते. चाक उंचवट्यावर चढले की ती आणखी दबते आणि धक्का स्वतःत साठवून घेते. तिची दबण्याची जागा संपली की शेवटी एक रबरी ठोकळा असतो, त्यावर भार येतो. यास कारागीर ‘बंप स्टॉप’ म्हणतात. हा ठोकळा अखेरच्या क्षणी आधार देण्यासाठी ठेवलेला असतो. गाडी वारंवार त्यावर आपटू लागली तर धक्का सरळ मोटारीच्या सांगाड्यात, तेथून आसनात आणि आसनातून बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यात जातो.

शिल्लक जागेचा हिशेब

हा हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतील, परंतु हिशेबाची रीत हीच राहील.

समजा, एका चाकावर स्प्रिंगने तोललेले वजन ३२० किलो आहे आणि स्प्रिंगचा कडकपणा, चाकापाशी मोजला असता, मिलिमीटरला २ किलो आहे. म्हणजे उभ्या गाडीच्या वजनानेच ती १६० मिलिमीटर दबते. यानंतर रबरी ठोकळ्यापर्यंत ८० मिलिमीटर जागा शिल्लक आहे असे मानू. धक्का आला की या ८० मिलिमीटरच्या वाटचालीत स्प्रिंगवरील जादा भार शून्यापासून १६० किलोपर्यंत वाढत जातो. सरासरी भार ८० किलो आणि अंतर ८० मिलिमीटर. यांचा गुणाकार ६,४०० येतो. ही त्या स्प्रिंगची धक्का पचविण्याची शक्ती झाली.

आता गाडी ३० मिलिमीटरने खाली आणणारी आणि पाव पटीने अधिक कडक, म्हणजे मिलिमीटरला २.५ किलो अशी स्प्रिंग बसविली. शिल्लक जागा ५० मिलिमीटर राहिली. जादा भार शून्यापासून १२५ किलोपर्यंत जाईल; सरासरी ६२.५, अंतर ५०, गुणाकार ३,१२५. स्प्रिंग पूर्वीपेक्षा कडक असूनही धक्का पचविण्याची शक्ती निम्म्याहून कमी झाली. हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु कारण साधे आहे. जागेचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो, कडकपणाचा केवळ पटीच्या प्रमाणात. ही तूट केवळ कडकपणाने भरून काढावयाची म्हटले तर स्प्रिंग मूळच्या अडीचपटीहून कडक करावी लागेल, आणि अशी गाडी रोजच्या वापरात कोणालाही सोसवणार नाही.

त्याच कडकपणाची, परंतु केवळ १५ मिलिमीटर उतरविणारी स्प्रिंग घेतली तर जागा ६५ मिलिमीटर राहते आणि गुणाकार सुमारे ५,२८० येतो. मूळ शक्तीच्या पाचातील चार हिस्से शाबूत राहतात. पंधरा आणि तीस यांत डोळ्यांना दिसणारा फरक बोटभर जाडीचाही नाही. रस्त्यावर मात्र तो मोठा आहे.

हा हिशेब रिकाम्या गाडीचा झाला. मागील आसनावर तिघे बसले आणि डिकीत सामान ठेवले की प्रत्येक मागच्या चाकावर सुमारे १०० किलो भार वाढतो असे धरू. मागील स्प्रिंगांनाही वरचेच आकडे लावले तर मूळ गाडी या भाराने ५० मिलिमीटर बसते आणि ३० मिलिमीटर शिल्लक राहते. पंधराने उतरविलेली गाडी ४० मिलिमीटर बसते आणि २५ शिल्लक राहते. तीसने उतरविलेल्या गाडीला मात्र केवळ १० मिलिमीटर उरतात. एकटा चालक गाडी पळवून पाहतो तेव्हा त्याला यांतले काहीच जाणवत नाही. ज्या दिवशी वृद्ध आईवडील मागे बसतात, त्या दिवशी ती गाडी प्रत्येक खड्ड्यात ठोकळ्यावर आपटते. यासाठी स्प्रिंगची परीक्षा नेहमी भरल्या गाडीत करावी.

रस्त्याचे माप

निवडीचा दुसरा आधार म्हणजे रोजचा रस्ता. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेडान गाड्या २०२२ साली बाजारात आल्या. रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची त्यांच्या उत्पादकांनी १७९ मिलिमीटर दिली आहे. सेडानच्या मानाने ही उंची बरीच आहे आणि ती येथील रस्ते, गतिरोधक व भरल्या गाडीने प्रवास करण्याची रीत पाहून ठेवलेली आहे. याउलट ऑक्टाव्हिया आरएस ही २०१७ आणि २०२० साली भारतात विकली गेलेली गाडी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा कारखान्यातूनच काहीशी खाली बसविलेली होती. यावरून बोध असा की, गाडी उतरविण्यापूर्वी ती उत्पादकाने आधीच किती उतरविली आहे हे पाहिले पाहिजे. जेथून थोडे काढून घेतलेले आहे तेथून पुन्हा काढणे धोक्याचे.

भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा लागतो. व्हर्टसच्या पुढील व मागील चाकांत सुमारे २.६५ मीटर अंतर आहे. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडीचा मध्य आला असता दोन्ही चाके त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाखालील उंची सुमारे ५ सेंटिमीटरच घटते. प्रमाणशीर गतिरोधक उतरविलेल्या गाडीलाही सहसा अडत नाही.

परंतु वस्तीजवळ अनेकदा लोकांनी स्वतःच घातलेले अरुंद आणि उंच उंचवटे आढळतात. असा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो आणि त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाखालून वजा होते. उंचवटा १५ सेंटिमीटरचा असेल तर १७९ मिलिमीटरच्या रिकाम्या गाडीखाली अवघे २९ मिलिमीटर उरतात. ती गाडी ३० मिलिमीटरने उतरविलेली असेल तर ती टेकलीच म्हणून समजावे. इंजिनाखालील तेलाचे पात्र आणि धूर वाहून नेणारी नळी हे भाग तेथेच असतात. तेलाचे पात्र फुटून तेल वाहून गेले आणि चालकाने ते न ओळखता गाडी पुढे दामटली तर इंजिन निकामी होते.

धानाच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. चिखलणीच्या दिवसांत बांधीतून रस्त्यावर आलेले ट्रॅक्टर मातीची ढेकळे टाकून जातात. लोखंडी केजव्हील लावून डांबरी रस्त्यावरून गेल्यास रस्ताही उखडतो. पावसाळ्यात सखल भागी पाणी साचते. गाडी खाली आली की इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीचे तोंडही तेवढेच खाली येते. म्हणून उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर केलेली निवड आषाढात तपासून पाहावी; जी आषाढात टिकेल तीच खरी.

उतरविल्याने मिळते काय

इतके सांगितल्यावर या स्प्रिंगांचा उपयोगच नाही असा ग्रह होऊ नये. गाडीचा भारमध्य खाली आला की वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जाणारा भार कमी होतो. मात्र त्याचे प्रमाण पाहावे. भारमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असे धरले तर तो ३ सेंटिमीटरने खाली आणल्याने ही घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. दीड सेंटिमीटरने आणल्यास त्याच्या निम्मी. लाभ आहे, पण थोडा आहे.

शिवाय या गाड्यांच्या पुढील चाकांना मॅकफर्सन पद्धतीचा एकच उभा खांब आणि खाली एक भुजा असते. गाडी खाली आली की या भुजेचा कोन बदलतो आणि ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो बिंदू भारमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. परिणामी स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर उतरविलेली गाडी उलट अधिक कलू शकते. थोडीशी उतरविलेली गाडी चांगली चालते आणि फार उतरविलेली बिघडते, या कारागिरांच्या अनुभवाचे शास्त्रीय कारण हेच होय.

शॉक ॲब्सॉर्बरची जोडी

स्प्रिंग धक्का साठविते. साठविलेला धक्का जिरविते ते शॉक ॲब्सॉर्बर. त्यातील तेल बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि हेलकावा शांत होतो. वरील उदाहरणातील मूळ गाडी मिनिटाला सुमारे ७५ वेळा या गतीने हेलकावते. पाव पटीने कडक स्प्रिंग लावली की हे प्रमाण ८४ वर जाते. साधारणपणे ६० ते ९० हेलकावे शरीराला मानवतात. त्यामुळे एवढा फरक सुसह्य आहे. पण त्याला आवरण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरलाही सुमारे १२ टक्के अधिक जोर लावावा लागतो. चांगल्या स्थितीतील मूळ शॉक ॲब्सॉर्बर सहसा इतके निभावून नेतो. झिजलेला, तेल गळणारा शॉक ॲब्सॉर्बर निभावू शकत नाही. नवी स्प्रिंग त्यावर बसविली की गाडी एका उंचवट्यानंतर दोन-तीन वेळा उसळते आणि त्या उसळीत टायरची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. ब्रेक नेमका त्याच क्षणी दाबावा लागला तर काय होईल, ते सांगावयास नको. पाव पटीहून अधिक कडक स्प्रिंग घ्यावयाची असेल तर तिला जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर सोबत घेणेच योग्य. तेवढा खर्च झेपत नसेल तर स्प्रिंगचाही विचार सोडून द्यावा.

निवडताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, मोजमाप. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. प्रथम रिकाम्या गाडीचे, नंतर माणसे व सामान भरून. पुढे शॉक ॲब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर, धुळीचे आवरण वर सरकवून, प्लॅस्टिकचा एक पट्टा घट्ट बसेल असा कारागिराकडून बांधून घ्यावा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने नेहमीसारखी गाडी चालवावी. पट्टा जेथवर ढकलला गेला असेल तेथवर स्प्रिंगची जागा रोज वापरली जात आहे. उरलेली जागा हीच खरी शिल्लक. मूळ स्प्रिंगवरच पट्टा ठोकळ्यापर्यंत जात असेल तर ती गाडी उतरविण्याजोगी नाही, असा निर्णय तेथेच करावा.

दुसरी गोष्ट, भारांक. एकाच नावाच्या गाडीत इंजिन व गिअरपेटी बदलली की पुढील आसावरील वजन बदलते. चांगला उत्पादक प्रत्येक स्प्रिंगसोबत ती पुढील व मागील किती किलो आसभारापर्यंत चालेल, हे लिहून देतो. हा आकडा गाडीच्या कागदावरील आसभाराशी ताडून पाहावा. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे सांगितली जाणारी स्प्रिंग कोणत्याच गाडीसाठी बनविलेली नसते.

तिसरी गोष्ट, घडण. काही स्प्रिंगांचे वेढे सर्वत्र सारख्या अंतरावर असतात. काहींचे एका बाजूस जवळजवळ. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला मऊपणा आणि भार वाढला की कडकपणा मिळतो. माणसांची संख्या रोज बदलणाऱ्या घरच्या गाडीस हा प्रकार बहुधा मानवतो. कोणताही प्रकार असो, चाक पूर्ण खाली लोंबकळले असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहिली पाहिजे. सैल पडणारी स्प्रिंग जागेवरून सरकते.

चौथी गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगी आहे. मूळ स्प्रिंग कापून किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून गाडी कधीही खाली आणू नये. सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक कापला तर कडकपणा केवळ पाचव्या हिश्शाने वाढतो, जागा मात्र त्याहून कितीतरी अधिक जाते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. तापविल्याने पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते. अशी स्प्रिंग हळूहळू बसत जाते किंवा एके दिवशी तुटते. काही रुपये वाचविण्यासाठी केलेली ही कृती जिवावर बेतते.

बसविताना व नंतर

दबलेल्या स्प्रिंगमध्ये कित्येक माणसांच्या वजनाएवढा जोर कोंडलेला असतो. ती काढण्या-बसविण्याचे काम योग्य दाबयंत्र असलेल्या जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे; घरच्या अंगणात दोरखंड बांधून करण्याचे हे काम नव्हे. भुजांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीलाच अंतिम आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावे आणि स्प्रिंगा बसल्यावर, काही शे किलोमीटरनंतर, ते पुन्हा तपासावे. व्हर्टस व स्लाव्हिया यांच्या मागील चाकांना एकच आडवी तुळई आहे. तेथे कोन जुळविण्यास फारसा वाव नसतो, हेही आधीच जाणून असावे.

पुढच्या दिव्यांचा झोत पुन्हा लावून घ्यावा. तसेच काही जुन्या गाड्यांत मागील ब्रेकचा जोर गाडीच्या मागील उंचीवरून ठरविणारी झडप असते. गाडी खाली गेली की ती भरलेली आहे असे समजून ही झडप मागच्या चाकांना अधिक ब्रेक देते. रिकाम्या गाडीची मागची चाके मग ओल्या रस्त्यावर जाम होऊन घसरतात. अशी झडप असल्यास ती नव्या उंचीप्रमाणे जुळविणे अत्यावश्यक आहे.

कायदा काय सांगतो

सीमेच्या दोन्ही बाजूंस नोंदणी कार्यालये निराळी असली तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा एकच आहे. त्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निर्णयात या कलमाचा कटाक्षाने अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या रीतीने वाहनात फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

म्हणून स्प्रिंगा विकत घेण्याच्या आधी, नंतर नव्हे, ज्या कार्यालयात गाडीची नोंदणी आहे तेथे लेखी विचारणा करावी. बालाघाटची नोंदणी असेल तर बालाघाटला, गोंदियाची असेल तर गोंदियाला. विमा कंपनीसही लेखी कळवावे. न कळविलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद उपस्थित झाला, तर त्याची झळ साऱ्या कुटुंबाला पोहोचते. जर्मनीत अशा स्प्रिंगा सर्रास वापरल्या जातात. परंतु तेथे त्यांच्यासोबत तांत्रिक तपासणीचा दाखला असावा लागतो, आणि मान्यता नसलेल्या फेरफाराने वाहनाचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. परदेशी स्प्रिंग घेताना त्या देशाची ही शिस्त विसरून चालणार नाही. तसेच तेथील दाखला येथील परवानगीची जागा घेत नाही, हेही लक्षात ठेवावे.

समारोप

श्रोतेहो, सारांश असा की, गाडी वळणावर अधिक स्थिर हवी असेल तर प्रथम टायर, त्यांतील हवा, शॉक ॲब्सॉर्बर आणि अलाइनमेंट या चार गोष्टी सुधाराव्यात. पुष्कळांचे समाधान तेथेच होते आणि कायद्याचा प्रश्नही उद्भवत नाही. त्यानंतरही स्प्रिंगा बदलावयाच्या असतील आणि नोंदणी कार्यालयाने अनुमती दिली असेल, तर रोजच्या वापराच्या गाडीसाठी सुमारे १५ मिलिमीटर उतार, पाव पटीपर्यंत कडकपणा, गाडीच्या आसभाराशी जुळणारा क्रमांक आणि निरोगी शॉक ॲब्सॉर्बर ही मर्यादा पाळावी. काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात न देता तेल लावून घरी जपून ठेवाव्यात. निवड चुकली असे आढळल्यास परतीची वाट मोकळी राहते.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा विषय वर्गात सहज मांडता येईल. एक स्प्रिंग, काही वजने आणि एक फूटपट्टी एवढ्या साहित्यावर हूकचा नियम आणि शिल्लक जागेचा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतो. आज वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या गाडीच्या चाकामागे बसणार आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यामधील जी जागा त्याला आज रिकामी वाटते, ती मागच्या आसनावर बसलेल्या आजीसाठी राखून ठेवलेली आहे, एवढे त्याने या गणितातून ओळखले तरी पुष्कळ झाले.